न्हाणीमागचा वाफा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुत्र्याला भिते, विहिरीच्या काठाला भिते, बंद दारामागे कुणी हळू आवाजात बोलत असलं तरी भिते. औरादला शाळेत असताना मुली मागून येऊन नुसतं 'भॉ' करायच्या आणि माझ्या हातातला डबा खाली पडायचा. अशा बाईनं अनोळखी गावांत, अनोळखी लोकांच्या परसात जाऊन जमीन उकरायची नोकरी धरावी, याची आमच्या घरी भरपूर टिंगल झाली. वडील म्हणाले, "जमिनीतून काय निघंल म्हणून भ्यायलीस? गांडूळ निघंल."

नोकरी एका संशोधन प्रकल्पातली होती. आमच्या भागात घराच्या मागं सांडपाण्यावर चार वाफे भाजी करतात. त्या वाफ्यांत ओल किती टिकते, उन्हाळ्यात कधी संपते, याचा अभ्यास चालला होता. माझं काम वाफ्यात सेन्सर बसवायचं. सेन्सर म्हणजे तळहाताएवढी काळी पट्टी, तिला स्टीलचे तीन दाते. गिरमिटानं हातभर भोक पाडायचं, तळाच्या मातीत दाते रुतवायचे, माती परत भरून हातानं चेपायची. दात्यांना माती सगळीकडून चिकटलेली हवी. मध्ये फट राहिली की आकडा खोटा येतो. वायरचं दुसरं टोक काठीवरच्या डबीत, डबीत सिमकार्ड, आणि दर तासाला माझ्या फोनवर त्या वाफ्याच्या ओलीचा आकडा.

आमचं घर बौद्ध. नवस, करणी, भानामती, दृष्ट काढणं, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत नाही. आजोबांनी ते बाहेर काढलं आणि वडिलांनी परत येऊ दिलं नाही. त्यामुळे माझ्या भीतीत भुतं कधी नव्हती. माझी सगळी भीती माणसांची.

भालकीजवळच्या मेहकरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत एक घर होतं. घरात एक बाई, तिचा मुलगा आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. त्या बाईला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. वाफे बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा अक्कानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि चहा दिला. कपबशीतच दिला. तरी ती कपबशी कुठल्या फळीवरून काढली, ते मी बघून ठेवलं. ही सवय काही सुटत नाही.

सेन्सर बसवायच्या दिवशी प्रकल्पाची जीप मला सकाळी तिथं सोडून पुढं कमलनगरकडे गेली. संध्याकाळी परत न्यायला येणार होती. अक्का आणि तिचा मुलगा शेतात गेले होते. मुलगी एकटीच घरी, परसदाराच्या उंबऱ्यात बाळाला पदराखाली घेऊन बसलेली. तिचं पहिलं लेकरू आठवड्याच्या आतच गेलं होतं. हे दुसरं. अगदी हलकं, मुठीएवढ्या तोंडाचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की याला आईच्या दुधावर ठेवा, वरचं काही देऊ नका, दुधावरच हे उभं राहील. हे सगळं तिनं मला मी पिशवी उघडेपर्यंतच सांगून टाकलं. बोलायला माणूस मिळालं की काही जणी अशा भडाभडा बोलतात. मला ती आवडली.

कोरड्या वाफ्यातला आणि मधल्या वाफ्यातला सेन्सर बसला. तिसरा सगळ्यात ओल्या जागी बसवायचा होता. न्हाणीचं पाणी जिथं निघायचं तिथं एक लहानसा वाफा होता, रिकामाच, पण काळीभोर ओली माती. मी विचारलं, "न्हाणीमागं घालू का?"

"घाला की ताई. तिथं काय न्हाई लावलेलं."

मी गिरमिट फिरवायला लागले. ओली काळी माती चिकट असते, गिरमिट जड जातं. वीतभर खाली गेल्यावर काहीतरी कडकन् फुटलं आणि गिरमिट एकदम आत गेलं. खाली पोकळ होतं. साप, हा पहिला विचार. मी गिरमिट वर ओढलं. त्याच्या पात्याला मातीच्या मडक्याची खापरी अडकली होती, हळदीनं पिवळ्या झालेल्या फडक्याचा तुकडा होता आणि काळा पडलेला कडुलिंबाचा पाला होता.

मी डोळे मिटून घेतले. आत अजून काय आहे ते मला बघायचं नव्हतं. मनात आलं, कुणीतरी या घरावर काही करून ठेवलंय आणि ते नेमकं माझ्या हाताला लागलंय. वडिलांचं इतक्या वर्षांचं शिकवणं एका खापरीनं वाहून गेलं, याची मला तिथंच लाजही वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

डोळे उघडले तेव्हा मुलगी उभी होती. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "ती माझी वार हाय."

बाळामागून जी वार पडते, ती आमच्या भागात मडक्यात घालून घराच्या मागं पुरतात. मला हे ऐकून माहीत होतं. पुढचं तिनं सांगितलं. जिनं पुरली तिच्याशिवाय ती जागा कुणाला माहीत नसते. बाळंतिणीलाही सांगत नाहीत. कुणी वाईट चिंतणारं उकरून काढील म्हणून. म्हणून तर ती मला "घाला की" म्हणाली. आणि त्या जागेची ओल जायला नको, ती उघडी पडायला नको. जागा वाळली की आईचं दूध आटतं.

"पहिल्या टायमाला वार दवाखान्यातच राहिली," ती म्हणाली. "म्हणून ते लेकरू राहिलं न्हाई. ह्या टायमाला आईनं मागून आणली. आईनं मागून आणली होती ताई."

मी भोकावर माती लोटली. तळहातानं थापली. "झाकलं बघा, काही होत नाही," असं काहीतरी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता, तिला काय धीर देणार. ती खाली बसली आणि बाळाला परत पदराखाली घेतलं. बाळानं दोनदा तोंड लावलं, सोडलं आणि रडायला लागलं. तिनं बाजू बदलली. तेच.

"येईना झालंय," ती म्हणाली.

भ्यालेल्या बाईला दूध उतरत नाही, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मी ते तिला सांगितलं. सांगायला नको होतं. त्यामुळे ती आणखीच भ्याली.

मी प्रकल्पाच्या साहेबांना फोन लावला. सेन्सरच्या जागी मडकं लागलंय, घरात गोंधळ झालाय, जीप लवकर पाठवा. साहेब म्हणाले, जीप संध्याकाळशिवाय येत नाही, आणि निघताना सेन्सर तेवढे मोजून घ्या, महाग आहेत. फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि त्या हसण्याचीही भीती वाटली.

मग वाट बघणं. अक्का आणि तिचा मुलगा जेवायला घरी येणार होते. मी निघून जाऊ शकत होते. रस्ता समोर होता, भालकीला जाणारं काहीतरी मिळालं असतं. पण बाळ रडत होतं, आणि मी गेल्यावर लोक काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. कोण आली होती? कुणाची? आडनाव काय? हे प्रश्न याच क्रमानं येतात. पुढं बाळाला काही झालं, तर वार कुणाच्या हातानं उघडली हे गावाला जन्मभर पाठ राहील. माझं काय व्हायचं ते होवो, असं मी म्हणणार नाही. मला माझ्यासाठीच जास्त भीती वाटत होती. बाळाचा आवाज बारीक व्हायला लागला, तेव्हा कुठं मला बाळासाठी भीती वाटायला लागली. मग मी हात धुऊन त्याला घेतलं, फिरवलं, बोटानं त्याच्या ओठांना पाणी लावावं का ते विचारलं. ती म्हणाली, "नको, वरचं काय नको."

अक्का आली ती डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन. मागं मुलगा, खांद्यावर फावडं. मुलगी आईला बघून मोठ्यानं रडली. अक्कानं भारा टाकला, परसात आली, थापलेल्या मातीकडे बघितलं, खापरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मुलाला म्हणाली, "दार लाव."

त्यानं आधी परसाचं फाटक लावलं, मग घराचं दार ओढून घेतलं. त्याच्या हातात अजून फावडं होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ओरडलं तर कोण येईल, आणि आलेलं कुणाच्या बाजूनं असेल, याचा मी विचार करत होते. नंतर कळलं की शेजारणींना दिसू नये म्हणून त्यानं दारं लावली होती. तेव्हा मला ते कसं कळणार?

अक्का माझ्याजवळ आली. अगदी हळू म्हणाली, "आत काय दिसलं तुला?"

"काही नाही."

"खरं सांग."

"डोळे मिटले होते मी. भीती वाटली."

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग एक श्वास सोडला. "बरं केलीस," म्हणाली.

तिनं आतून दुसरं मडकं आणलं, हळद आणली, नवं फडकं आणलं. आम्हा सगळ्यांना म्हणाली, "तिकडं तोंड करा." मुलालासुद्धा. आम्ही घराकडे तोंड करून उभे राहिलो. मागं माती ओढल्याचा, मडकं ठेवल्याचा आवाज येत होता. मग तिनं मला हाक मारली. मडकं खड्ड्यात बसलं होतं, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

"माती लोट. जिनं उघडलं तिनंच झाकायचं असतं."

मी हललेच नाही. इतका वेळ मनात होतं ते विचारलं. "अक्का, माझा हात चालेल का?"

तिला माझं म्हणणं लगेच समजलं. चिडलीच ती. "उघडताना चालला की. मग झाकताना कामून न्हाई चालायचा?"

मी माती लोटली. दोन्ही हातांनी चेपली. रडतही होते, आणि आता कशाला रडतेय म्हणून स्वतःवर चिडतही होते.

पण दूध काही आलं नाही. दुपार कलली. बाळ रडून थकायचं, झोपायचं, दचकून उठायचं. मुलगी भिंतीकडे तोंड करून एकच बोलत होती, जागा उघडली, वारं लागलं, आता ती वाळणार. अक्कानं पाठ चोळली, गरम पाणी दिलं, खसखशीची खीर दिली. शेवटी बाहेर येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"तुझ्या यंत्राला ओल कळती म्हणालीस न्हवं?"

"कळते."

"मग घाल तिथंच. मडक्याला लागून."

सेन्सर बसवताना दाते पहिल्यांदा वाकडे गेले, काढून परत रुतवले. काळजीपूर्वक माती चिकटवली, दाबली. डबी जोडली. फोनवर आकडा येईपर्यंत आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. बेचाळीस आला. आमच्या काळ्या मातीत बेचाळीस म्हणजे भरपूर ओल.

अक्कानं फोन हातात घेतला, मला दंडाला धरून आत नेलं आणि मुलीच्या डोळ्यांसमोर तो धरला. "बघ. सरकारी यंत्र हाय. ओल हाय म्हणतंय. जागा वाळली न्हाई."

आमचा प्रकल्प सरकारी होता की नव्हता, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मुलगी माझ्याकडे वळली. "खरंच का ताई?"

मी वडिलांचा विचार केला. ते इथं असते तर काय म्हणाले असते? पण आकडा खरा होता आणि ओलही खरी होती. "व्हय," मी म्हणाले. "भरपूर ओल आहे. दर तासाला मला कळतं. तू कधीही विचार, मी सांगेन."

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. मग बाळाला घेतलं. आम्ही कुणी तिच्याकडे बघत नव्हतो, सगळ्यांचे कान तिकडे होते. बऱ्याच वेळानं बाळाच्या घोटाचा आवाज आला. मग दुसरा. अक्का उठून चुलीपाशी गेली आणि चुलीत काही नसताना फुंकणी फुंकत बसली. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मी पिशवी उचलली आणि निघाले.

भीती तिथं संपायला हवी होती. उलट ती आता माझ्या फोनमध्ये येऊन बसली. मी शब्द देऊन बसले होते. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा त्या वाफ्याचा आकडा बघायचा. जेवताना बघायचा. मुलगी रोज फोन करायची, "ताई, किती हाय?" मी सांगायची. पुढं ती सासरी उदगीरकडे गेली, बाळ अंगानं भरलं, तरी फोन येतच राहिला. बाकीच्या वाफ्यांचे आकडे मी कामापुरते बघायची. हा एकच आकडा मला घाम फोडायचा.

उन्हाळा चढला. एका दुपारी मी औरादच्या बाजारात भाजी घेत होते. फोन बघितला तर त्या वाफ्याचा आकडा शून्य. मी परत बघितलं. शून्यच. आणि नेमका तिचा फोन आला. मागं बाळाचं किरकिरणं ऐकू येत होतं.

"ताई, आज लेकरू लई रडायलंय. किती हाय हो?"

"एकेचाळीस," मी म्हणाले.

पिशवी तिथंच भाजीवालीकडे टाकून मी मिळेल त्या गाडीनं निघाले. रस्ताभर मला एकच दिसत होतं, वाळलेली जागा आणि आटत चाललेलं दूध. मी, वडिलांची मुलगी, जमिनीतून गांडुळाशिवाय काही निघत नाही असं शिकलेली, गाडीत बसून मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडत होते.

अक्का परसातच होती. तांब्यानं त्या जागेवर पाणी घालत होती. मला बघून हबकली. "काय झालं माय?"

"शून्य दाखवतंय. वाळलं, अक्का."

"कुठं वाळलं? हात लाव."

मी हात लावला. ती पाणी घालायची तिथं माती गार, ओली होती. पण आता न्हाणीत बाळंतिणीचं आणि बाळाचं पाणी नव्हतं, त्यामुळे वाफ्याच्या कडेनं जमीन भेगाळली होती, आणि एक भेग बरोबर सेन्सरच्या अंगाला गेली होती. दात्यांची माती सुटली होती. मी तिथंच बसकण मारली आणि सांगितलं, मी तुमच्या लेकीशी खोटं बोलले. एकेचाळीस म्हणून सांगितलं.

अक्का माझ्याशेजारी बसली. तांब्या बाजूला ठेवला.

"मडक्यात काय न्हवतंच," ती म्हणाली.

मला कळलंच नाही.

"वार दवाखान्यानं ह्या टायमालाबी दिली न्हाई. लई हातापाया पडले. देत न्हाईत म्हणाले. पहिलं लेकरू गेल्यापासून हिच्या मनात एकच बसलेलं. काय सांगू हिला? हळद घातले, पाला घातले, पुरले. आणि त्या दिवशी तू गिरमिट घातलीस. शेतातनं येऊन ती खापरी बघितले, तर जीवच गेला माझा. म्हणलं, हिनं आत बघितलं असंल. आता लेकीला कळतंय."

म्हणजे त्या दुपारी दारं लावल्यावर त्या परसात सगळ्यात जास्त भ्यालेली मी नव्हतेच.

"मग पाणी कामून घालताव रोज?" मी विचारलं.

"ती फोन करती की. आई, पाणी घातलीस का म्हणून." अक्कानं तांब्या उचलला. "एवढ्यात तरी खोटं नको."

मी सेन्सर काढला. भेगेपासून दूर, जिथं तिचं पाणी पडायचं तिथं, रिकाम्या मडक्याच्या दुसऱ्या अंगाला, नवीन भोक पाडलं. दाते रुतवले. तिनं ओंजळीनं माती दिली, मी चेपली, तिनं वरून चेपली. आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आकडा येईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो, पहिल्या दिवसासारख्याच.

फोन वाजला. तीच होती. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चिखलाच्या बोटानं आकडा आला का ते बघितलं, आणि मग तिचा फोन घेतला.

"तेहेतीस हाय," मी तिला सांगितलं. "थोडं उतरलं होतं. तुझी आई पाणी घालायलीय."